तिसरा शिक्का

शर्यत सकाळी साडेसहाला सुटणार होती. नऊ वाजत आले तरी आम्ही सेलूच्या मैदानावर कापडी मांडवाखाली बसून होतो, कारण प्रमुख पाहुण्यांची नागपूरहून येणारी गाडी अजून पोचलीच नव्हती. लाउडस्पीकरवरचा माणूस दर दहा मिनिटांनी "पाहुणे थोड्याच वेळात येत आहेत" असं सांगायचा आणि तेच देशभक्तीचं गाणं पुन्हा लावायचा. चैत्राचा दुसरा पंधरवडा होता. त्या दिवसांत आमच्याकडे आठ वाजताच सायकलच्या हँडलला हात लावताना विचार करावा लागतो.

दिल्लीच्या एशियाडनंतर गावोगावी स्पर्धा सुरू झाल्या होत्या. सेलूच्या एका क्रीडा मंडळानं काढलेली ही सायकल शर्यत डांबरी रस्त्यावरची नव्हती. शेतांमधल्या पांदणीतून, कोरड्या नाल्यातून, मुरमाच्या चढावरून केळझरच्या गणपतीच्या टेकडीपर्यंत जायचं आणि जंगलाच्या कडेनं परत यायचं. जाऊन-येऊन सव्वीस किलोमीटर. वाटेत तीन नाके. प्रत्येक नाक्यावर डाव्या मनगटावर जांभळ्या शाईचा शिक्का मारून घ्यायचा, म्हणजे कुणी मधूनच परत फिरलं तर कळावं. सायकली आमच्या रोजच्याच. मडगार्ड, कॅरियर आणि चेनकव्हर काढलं की झाली शर्यतीची सायकल.

आम्ही मुली सहा जणी होतो. आमच्यातल्या पहिल्या दोघींना नागपूरच्या प्रशिक्षण शिबिरात घेणार होते. हिंगणघाटची एक उंच मुलगी पहिली येणार हे तिच्या पायांकडे बघूनच ठरलं होतं. राहिली दुसरी जागा. ती एक तर माझ्या मैत्रिणीची होती, नाही तर माझी.

आम्ही दोघी वर्ध्याच्या एकाच कॉलेजात, एकाच वर्गात होतो. माझं शाळेचं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं. वडिलांची बदली वर्ध्याला झाली म्हणून मी या कॉलेजात आले होते, आणि पहिल्याच आठवड्यात तोंड उघडण्याचा धसका घेतला होता. मी पुस्तकातलं मराठी बोलायचे. "माझ्याकडे पेन नाही" एवढं म्हटलं तरी मागच्या बाकावरून कुणीतरी "हो न वो म्याडम" असं हेल काढून म्हणायचं. माझी मैत्रीण अल्लीपूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, हॉस्टेलवर राहायची. ती मला सरळ 'कॉन्व्हेंट' म्हणायची. पण ती म्हणायची तेव्हा मला हसू यायचं. रोज पहाटे आम्ही दोघी सेवाग्रामच्या रस्त्यानं सायकली काढायचो. ती भावाच्या मोठ्या जेन्ट्स सायकलवर, मी वडिलांनी घेऊन दिलेल्या नव्या लेडीज सायकलवर. पंक्चर झालं तर तीच काढायची. मी पंप धरून उभी. सायकलवर असताना बोलावं लागत नाही, हे मला त्या वर्षी कळलं, आणि कदाचित म्हणूनच मी सायकल चालवत होते. वेगात ती माझ्यापेक्षा सरसच होती. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मांडवात मी थर्मासमधून पन्हं काढलं आणि झाकणात ओतून तिच्यापुढे धरलं.

"नको."

"अगं, घे. अजून तासभर तरी काही सुटत नाही."

"नाई पीत म्हटलं न." तिनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. "उपास आहे माहा. निर्जळी."

त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती. पण संकष्टीला कुणी पाणी सोडत नाही, एवढं मलाही माहीत होतं. तिनं मग सांगितलं. तिच्या आईच्या माहेरी रीत होती, मोठं काम असलं की केळझरच्या गणपतीला जायचं आणि दर्शन होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. नागपूरच्या शिबिरात नाव लागावं म्हणून ती तसा नवस बोलली होती. आदल्या रात्री जेवल्यापासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"मंग काय झालं? साडेसहाले सुटलो असतो त साडेसातले देवळापाशी. दुसरा नाका पायऱ्यांपाशीच आहे. धावत जाऊन हात जोडले असते न तिथंच पाणी पेली असती. सगळा हिशोब बरोबर होता वं, कॉन्व्हेंट. त्या पाहुण्यानं बिघडवला."

"सरांना सांगूया. ते तुला..."

"ते मले बसवतीन. आईले सांगतीन. घरी मालूम झालं त सायकलच बंद." तिनं माझा हात धरला. "कोणाले सांगशीन त माही शपथ आहे तुले."

मी मान हलवली. मला गुपितं सांभाळता येतात असा माझा लौकिक होता. खरं तर मी कुणाशी बोलतच नसे.

आमच्या पीटीच्या सरांना शंका यायचं कारणही नव्हतं. त्यांची शिकवणच तशी होती. "पळताना पाणी नाई प्यायचं, पोटात गोळा येते. गुळणी करा न थुका." त्यांनी प्रत्येकीला एक-एक कांदा दिला, ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायला, आणि दुपट्टे कानांवरून घट्ट बांधून घेतले. न पिणारी मुलगी त्यांच्या लेखी शिस्तीची मुलगी होती.

पाहुणे पावणेदहाला आले. वीस मिनिटं बोलले. ग्रामीण भागातील मुलींनी पुढे यावं, असं काहीतरी. मी तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांच्या कडांवर पांढरं साचलं होतं.

मुलं आधी सुटली, मागून आम्ही. पांदणीत बैलगाडीच्या चाकोऱ्या इतक्या खोल होत्या की त्यांत पॅडल अडकायचं. दोन्ही बाजूंना कपाशीच्या उपटून टाकलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग आणि भेगाळलेली काळी जमीन. हिंगणघाटची पहिल्याच नाल्यात दिसेनाशी झाली. तिच्यामागे माझी मैत्रीण आणि तिच्यामागे मी, शंभर-दीडशे पावलांवर. पहिल्या नाक्यावर शिक्का घेतला, पाण्यानं तोंड धुतलं, दोन घोट गिळले. ती शिक्का घेऊन केव्हाच पुढे गेली होती. मुरमाच्या चढावर सगळ्या जणी उतरून सायकल ढकलतात, तिथं ती पॅडलवर उभी राहून चढली. खालून बघताना मला वाटलं, हिला काही होत नाही. तसं वाटून मला बरंही वाटलं, आणि वाईटही.

दुसरा नाका पायऱ्यांपाशी नव्हताच. तारीख ठरवताना कुणी पंचांग उघडून बघितलं नव्हतं. रविवार बघितला आणि ठरवून टाकलं. चतुर्थीमुळे देवळाच्या वाटेवर ही गर्दी उसळलेली, नारळाची दुकानं, रांगा. पोलिसांनी सायकली वर आणायला मनाई केली, म्हणून मंडळाच्या लोकांनी सकाळी टेबल उचललं आणि अलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी आंब्याच्या झाडाखाली मांडलं. तिथून पायऱ्या चढून वर जायचं आणि परत यायचं म्हणजे अर्धा तास गेला असता.

मी पोचले तेव्हा ती शिक्का घेऊन, एक पाय जमिनीवर टेकवून उभी होती. वर बघत होती. झाडांच्या शेंड्यांवरून देवळाचा कळस आणि त्यावरचं निशाण स्वच्छ दिसत होतं. तिनं हात जोडले.

माझी आई एसटीतून जाताना कुठल्याही देवळाचा कळस दिसला की हात जोडते आणि म्हणते, कळस दिसला म्हणजे दर्शन झालं. हे वाक्य त्या क्षणी माझ्या तोंडात तयार होतं. कळस दिसला ना, झालं दर्शन, पी आता पाणी. टेबलावर माठ होता. मी स्वतः त्यातलं पाणी पीत होते.

"आता?" एवढंच मी म्हटलं.

"आता काय," ती म्हणाली. "उद्या येईन एसटीनं. तोवर नाई."

"चला चला, ताई, फोटो काढायचा आहे का?" शिक्केवाला ओरडला. ती निघाली.

ते वाक्य मी का बोलले नाही, याची मी बरीच कारणं शोधून ठेवली आहेत. माझ्यासारखीनं तिला देवाधर्मातलं काय सांगावं, हे एक. माणसं ऐकत होती, हे दुसरं. ही कारणं खोटी नाहीत.

परतीची वाट सागाच्या जंगलाच्या कडेनं होती. साग त्या दिवसांत पार झडलेला असतो. सावली म्हणून काही नव्हती, वाळलेल्या पानांचा चुरा तेवढा चाकांखाली वाजत होता. माझं डोकं ठणकत होतं. समोर तिची सायकल एकदा या कडेला, एकदा त्या कडेला जाताना दिसू लागली आणि आमच्यातलं अंतर कमी होत गेलं. मी वेग वाढवला नव्हता.

जंगल संपतं तिथं एक नाला आहे. मी काठावर आले तेव्हा ती नाल्यात सायकल धरून चालत होती, पण वाट सोडून भलतीकडेच, काठाच्या कपारीखाली जिथं हातभर सावली होती तिकडे. सायकल तिनं वाळूत आडवी टाकली आणि ती बसली. मी उतरून जवळ गेले. तिचा चेहरा लालभडक होता आणि पार कोरडा. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तिच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता.

"काय होतंय?"

"काई नाई. बसतो जराशी." मग माझ्या मागे कुठेतरी बघत तिनं विचारलं, "बैल सोडले का?"

"काय?"

"जाय तू," ती म्हणाली. "जाय न. मी येतो."

मी गेले.

नाला चढून वर आल्यावर मी एकदा वळून बघितलं. वाटेवरून ती दिसत नव्हती. काठाच्या आड ना सायकल दिसत होती, ना ती. मागून येणाऱ्या कुणालाही ती दिसणार नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. लक्षात आलं, आणि मी पॅडलवर पाय ठेवला.

तिसरा नाका तिथून जेमतेम एक किलोमीटरवर, एका विहिरीजवळ होता. टेबल, दोन माणसं, आणि मंडळाची जीप. जीपमध्ये ड्रायव्हर तोंडावर दुपट्टा टाकून झोपला होता. शिक्केवाल्यानं माझं मनगट उताणं धरलं.

"तुम्ही दुसऱ्या नंबरवर आहा, ताई. मागं कोणी दिसते का?"

"एक आहे."

"बरी आहे न थे? उन्ह फार झालं."

"हो," मी म्हटलं.

त्यानं शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी निघाले.

पुढे उतार होता. सेलूच्या जिनिंग मिलची चिमणी दिसायला लागली होती. पाय आपोआप फिरत होते. मी दुसरी होते. हे मी मनात म्हणून बघितलं, इंग्रजीत म्हटलं, मग मराठीत म्हटलं. एका वाडीपाशी कडुनिंबाखाली पाणपोई होती. ओल्या लाल कापडात गुंडाळलेला रांजण आणि जवळ बसलेली एक म्हातारीशी बाई. तिनं हात आडवा करून मला थांबवलं.

"उन्हातून आली, एकदम पाणी नको पिऊ, बाई. आधी गूळ खाय." तिनं माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. "कोणाची वं तू? एकटीच?"

गूळ तोंडात विरघळत होता. पाण्याचा गडवा तिनं उंच धरला आणि मी ओंजळ लावली. पाणी ओंजळीत पडलं, मनगटावरून, त्या तीन शिक्क्यांवरून ओघळलं, आणि मला ते गिळता येईना. बाई म्हणाली, "काऊन वं, काय झालं?" मी सायकल उलटी फिरवली.

चढावर मला सेलूचीच एक शाळकरी मुलगी भेटली. लाल रिबिनी, धापा टाकत येत होती. आमच्यापैकी कुणी तिला हिशोबातही धरलं नव्हतं. "दीदी, उलट्या काऊन चालल्या?" तिनं विचारलं.

"नाल्यात कुणी दिसलं का तुला?"

"नाई. कोणीच नाई." आणि ती निघून गेली.

नाक्यावर पोचल्यावर मी सायकल तिथंच टाकली. "ती बरी नाहीये," मी म्हटलं. "नाल्यात आहे. काठाखाली. तिनं पाणी प्यायलेलं नाहीये."

शिक्केवाला माझ्याकडे बघत राहिला. "आत्ताच त तुम्ही हो म्हणाल्या."

त्यानं ड्रायव्हरला हलवून उठवलं.

सावली सरकली होती. ती होती तिथंच होती, पण उन्हात. कुशीवर पडलेली, एक हात सायकलच्या चाकावर. खिशातला कांदा वाळूत पडला होता. तिचा हात चाकावरून उचलताना शिक्केवाल्याची बोटं सळईला लागली आणि त्यानं ती झटकली, इतकी सळई तापली होती. जीप नाल्यात उतरेना, म्हणून दोघांनी तिला उचलून वर आणलं. विहिरीचं पाणी तिच्या डोक्यावर, अंगावर ओतलं. तिच्या दातखिळीतून पाणी आत जात नव्हतं. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओल्या दुपट्ट्यातून तिच्या अंगाची वाफ माझ्या पायांना लागत होती. वर्ध्यापर्यंत मी तिचे केस विंचरल्यासारखी बोटं फिरवत राहिले. दुसरं काय करावं हे मला माहीत नव्हतं.

ती वाचली. दोन दिवस तिला नीट शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की अजून अर्धा तास झाला असता तर सांगता आलं नसतं. हा अर्धा तास मी तेव्हापासून अनेकदा मोजला आहे. नाल्यापासून नाक्यापर्यंत, नाक्यापासून पाणपोईपर्यंत, आणि तेवढंच अंतर चढावरून परत.

दुसरा नंबर त्या लाल रिबिनवाल्या मुलीचा आला. सोमवारी कॉलेजात प्रार्थनेनंतर सरांनी मला पुढे बोलावलं. नंबर हातात असताना मैत्रिणीसाठी परत फिरलेली मुलगी, खरी खेळाडूवृत्ती याला म्हणतात, असं ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. मागच्या बाकावरच्यांनीही वाजवल्या, आणि त्या खऱ्या होत्या. मी जमिनीकडे बघत उभी होते. सगळ्यांना तो माझा लाजाळूपणा वाटला.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. तिची आई पदरानं वारा घालत कॉटशेजारी जमिनीवर बसली होती. मला बघून ती उठली आणि माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली. "तूच का थे? तुले देवानंच धाडलं, माय. बस. उन्हातून आली. थांब, गूळपाणी देतो." आणि पिशवीत गूळ शोधता शोधता लेकीकडे बघून म्हणाली, "पाहा न हिचं. अवं, कळस दिसला होता म्हणते. कळस दिसला म्हणजे दर्शनच झालं न? कोणी सांगणारं असतं त पाणी पेली असती पोरगी." पिण्याचं पाणी आणायला ती तांब्या घेऊन बाहेर गेली.

आम्ही दोघीच राहिलो. तिच्या उजव्या हाताला सलाइन होतं. डाव्या हातानं तिनं माझा हात ओढून घेतला. मला वाटलं, धरायला. तिनं माझं मनगट उताणं केलं. जांभळी शाई तीन-चार आंघोळींनी फिकी झाली होती, पण शिक्के अजून वाचता येत होते. मग तिनं आपलं मनगट त्याच्या शेजारी ठेवलं. तिच्या मनगटावर दोन होते.

तिनं अंगठा माझ्या तिसऱ्या शिक्क्यावर ठेवला.

"इथं माणसं होती?"

"होती."

"जीप?"

"होती."

वरचा पंखा कुरकुरत होता. तिनं अंगठा उचलला नाही.

"तू शपथ घातली होतीस," मी म्हटलं.

"उपासाची घातली होती," ती म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता, तरी अगदी शांत होता. "पडली, एवढं सांगाले कोणी अडवलं होतं?"

मी तिच्या मनगटावरच्या दोन शिक्क्यांकडे बघत राहिले.

बाहेर आईच्या चपलांचा आवाज आला. मैत्रिणीनं माझा हात सोडला नाही. माझ्या कुडत्याची वर सरकलेली बाही तिनं खाली ओढली, मनगट पुरतं झाकलं जाईपर्यंत, आणि मग सोडला. तोंड भिंतीकडे वळवलं.

आईनं माझ्या तळहातावर गूळ ठेवला आणि पेला पुढे केला. "पे, माय," ती म्हणाली. "तुह्यामुळं लेक दिसून राह्यली मले."

ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. मी गूळ खाल्ला. मग पाणी प्याले, सगळं.